वरच्या डाव्या कोपऱ्यातलं जाळं

ऑगस्टमध्ये दुबईत चष्मा दिवसातून दहा वेळा आंधळा होतो. गाडीतून उतरलं की काच पांढरी, इमारतीतून बाहेर आलं की काच पांढरी. रुमालाने पुसेपर्यंत समोरचं काही दिसत नाही आणि तेवढा वेळ माणूस असेल तिथे थांबून राहतो. याच दिवसांत इंग्लंडमध्ये फुटबॉलचा नवा मोसम सुरू होतो. तिथल्या खालच्या विभागांतल्या क्लबांचं वेळापत्रक इथे कोणी वाचत नाही. मी वाचतो. गेली तीन वर्षं ऑगस्ट आला की एका क्लबचं नाव शोधतो, पहिली मॅच घरच्या मैदानावर की बाहेर एवढं पाहतो आणि फोन उलटा ठेवतो.

मुलगी अल ऐनला विद्यापीठात शिकते, शुक्रवारी शारजाला घरी येते. यंदा तिने मला ते करताना पाहिलं.

"बाबा, नोबडी सपोर्ट्स देम," ती म्हणाली. "आय थिंक इव्हन दे डोन्ट सपोर्ट देम."

"त्यांचा इतिहास मी लिहिलाय."

"आय नो. बट यू नेव्हर टॉक अबाउट इट."

हे खरं होतं. पुस्तक घरात आहे, जाड पुठ्ठ्याचं, कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर. ते तिथे मीच ठेवलं आहे.

दुबईला येण्याआधी मी मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होतो. तिथे जे शिकलो ते अंगात मुरलं. दुजोरा देणारी दोन सूत्रं नसतील तर बातमी नाही. फोटोओळीत नावं डावीकडून उजवीकडे. फोटो स्वच्छ हवा, वाचकाची नजर अडखळता कामा नये. आणि बातमीत ‘मी’ कधी येत नाही. इथे तो आणावा लागतो आहे, कारण पुढे जे घडलं ते दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

आमची कंपनी स्मरणग्रंथ करते. शाळा, बँका, रुग्णालयं, कोणाची पन्नाशी, कोणाची शंभरी. चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचं काम आलं. कुरिअरने पेट्या आल्या. जुन्या सामनापत्रकांचे गठ्ठे, सभांची इतिवृत्तं, कात्रणं, फोटो. पेटी उघडली तेव्हा वास आला तो ओल्या भिंतीचा. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं आणि माझ्या टेबलावर दुसऱ्या देशातला, कधीचा तरी पाऊस वास मारत होता.

ते गाव मी पाहिलेलं नाही. पण त्या मोसमात, ऑगस्ट ते मे, मी तिथेच राहत होतो असं म्हणायला हरकत नाही. दोरखंडाच्या कारखान्यातल्या कामगारांनी क्लब काढला. मैदान खाडीला लागून. उधाणाच्या दिवशी कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत पाणी यायचं आणि चेंडू खाडीत गेला तर आणायला एक होडी बांधून ठेवलेली असायची. लाकडी स्टँड एका हिवाळ्यात जळालं. पुढची दोन वर्षं लोक माशांच्या खोक्यांवर उभं राहून सामने पाहत होते. क्लब वर चढला, खाली आला, पुन्हा खाली आला. एकदा बंद होण्याच्या बेतात असताना गावातल्या बायकांनी बादल्या घेऊन दारोदार वर्गणी काढली. इतिवृत्तात याबद्दल एकच ओळ होती, ‘महिलांचे आभार मानण्यात आले’. मी ती वाचून हसलो होतो. कोणत्या बायका, त्यांची नावं काय, हे कोणाला लिहावंसं वाटलं नाही, असा एक चुरचुरीत परिच्छेदही मी पुस्तकात टाकला. आज तो परिच्छेद वाचवत नाही.

मोठं असं त्यांनी एकदाच काही केलं. महायुद्धानंतरच्या वर्षांत, कपच्या सामन्यात, सर्वांत वरच्या विभागातल्या एका मातब्बर क्लबला त्यांनी एक-शून्यने हरवलं. त्या गोलचा फोटो पेटीत होता. चिखलात पडलेला गोलकीपर, हात वर, तोंड उघडं. चेंडू जाळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात घुसलेला, जाळं मागे फुगलेलं. क्लबचा सगळा इतिहास या एका फोटोकडे चढत येतो आणि मग इथून उतरत जातो. पुस्तकात तो दोन पानं भरून छापायचं ठरलं.

आमचा डिझायनर मेल्विन वसईचा. डिसेंबरात एका दुपारी त्याने हाक मारली.

"सर, इथे नेटवर काळा पॅच आहे. बॉलच्या मागे. ठेवू की काढू?"

"डाग आहे. काढ."

"डाग नाही वाटत. झूम करतो बघा, याला घरं आहेत. माझा मामा पाचूबंदरला नेट सांधतो, सेम असंच दिसतं."

"मेल्विन, लोक गोल बघणार आहेत. तुझ्या मामाचं जाळं नाही."

तो हसला. मीही हसलो. "यल्ला, चला, मामा खलास," म्हणत त्याने बाजूच्या स्वच्छ जाळ्याचा तुकडा उचलून त्या जागी बसवला. मी खांद्यावरून पाहत होतो. सुंदर काम होतं. कळणारही नाही असं.

छपाई दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका प्रेसमध्ये होती. जानेवारीत कागद पसंत करायला गेलो. जानेवारीत इथली हवा माणसाला बरं वाटेल अशी असते, गोदामांची शटरं उघडी, कामगार दुपारी उन्हात बसून जेवतात. कागदाच्या स्टोअरचे इनचार्ज याकूबभाई. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, आधी बरीच वर्षं अबुधाबीकडे रुवैसच्या रिफायनरीत स्टोअरकीपर, मग इथे. त्यांच्या हातात आमच्या पुस्तकाचं जॉब कार्ड होतं.

"साहेब, हा क्लब समुद्राच्या साइडला आहे का? रस्सीच्या फॅक्टरीवालं गाव?"

मी हो म्हटलं. तुम्हाला कसं माहीत, असंही विचारलं.

त्यांनी कार्ड खाली ठेवलं, बनियनच्या बाहीला हात पुसले, मला स्टूल दिलं. मग सांगितलं. त्यांचे वडील, इस्माईल आदम, बोटीवर खलाशी होते. त्या बंदरात तापाने आजारी पडले, बोट त्यांना इस्पितळात टाकून निघून गेली. बरे झाल्यावर दोरखंडाच्या कारखान्यात लागले. क्लबच्या गोलचं जाळं फाटलेलं असायचं. आदल्याच मोसमात चेंडू भोकातून आरपार गेला होता, पंचाला तो बाहेरून गेल्यासारखा वाटला आणि त्याने गोल नाकारला. ही गोष्ट मला कात्रणांतून ठाऊक होती. कपच्या मॅचच्या दोन दिवस आधी इस्माईल लाकडी सुई घेऊन मैदानावर गेले.

"पण तिकडचा दोरा पांढरा, पावसात कुजणार. आमच्याकडे झाडाची साल उकळून दोरा रंगवायचे. तिथे साल कुठली? चहा होता. पातेलंभर कडक चहा उकळला आणि दोरा टाकला त्यात. गोरे लोक हसले. बोलले, इस्माईल, नेटसोबत बिस्किट पण घे." याकूबभाई स्वतःच हसले. "वरचा डावा कोपरा सांधला त्याने. जेवणाच्या ताटाएवढा. काळा दिसायचा. आणि साहेब, गोल तिथेच! जाळं नसतं तर बॉल गेला असता खाडीत, आणि रेफ्री बोलला असता, नो गोल."

"मोठी गोष्ट आहे," मी म्हणालो.

"अब्बा परत आले, पण गावात कोण मानतोय? बापाला चिडवायचे. लग्न असो, मय्यत असो. ‘काय इस्माईल, आज किती गोल मारले?’ अब्बा हसायचे. मला राग यायचा. मी पोरांशी मारामारी करायचो." त्यांनी कार्ड पुन्हा उचललं. "एक लाइन टाका साहेब. खाली, बारीक अक्षरात चालेल. फक्त नाव. एक बुक गावाला नेईन, मशिदीबाहेर बसतात त्या म्हाताऱ्यांसमोर उघडून ठेवीन. बस."

"पाहतो," मी म्हणालो.

डेस्कवर हा शब्द रोज वापरला जातो. त्याचा अर्थ हो नसतो, नाहीही नसतो. समोरचा उठून जावा यासाठी तो असतो.

वरचा डावा कोपरा, काळा, ताटाएवढा. हे ऐकताना मला मेल्विनचा प्रश्न आठवला नाही, असं मी बराच काळ स्वतःला सांगत आलो. आठवला होता. ऑफिसला परतताना सिग्नलवर आठवला आणि सिग्नल सुटला तसा मी तो सोडून दिला. मूळ स्कॅन माझ्याच कॉम्प्युटरवर होता. उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं.

त्याऐवजी मी नियमाने वागलो. क्लबचं दप्तर सांभाळणाऱ्या इंग्लंडमधल्या निवृत्त शिक्षकांना मेल केली. त्यांचं उत्तर सभ्य होतं. जहाजावरचा कोणी माणूस जाळी दुरुस्त करायचा असं लहानपणी ऐकलं होतं, पण नाव कुठे नोंदलेलं नाही. इस्माईल यांच्यावर मी परिच्छेद लिहून ठेवला होता. समासात ‘अपुष्ट’ असा शेरा मारला आणि काढून टाकला. याकूबभाईंना फोनवर सांगितलं, "दुसरा पुरावा मिळत नाही. तुमच्या शब्दावर अविश्वास नाही, पण नियम आहे."

"नियम तर नियम," ते म्हणाले. मग उत्साहानेच, "फोटो असेल ना साहेब त्या गोलचा? फोटोत दिसेल. तुम्ही फक्त फोटो छापा, मी शोधतो."

"फोटो आहे," मी म्हणालो.

मार्चमध्ये ते पान मशीनवर चढलं. रंग पाहायला मी प्रेसमध्ये होतो. याकूबभाई स्टोअर सोडून आले. साबणाने हात धुतलेले, बोटं अजून ओली. मशीनवाल्याकडून त्यांनी छपाईचे ठिपके तपासायचं भिंग मागून घेतलं आणि मोठ्या कागदावर वाकले. आधी गोलकीपर पाहिला, मग चेंडू, मग कोपरा. भिंग हळूहळू सरकवत त्यांनी तो कोपरा एकदा पाहिला, दोनदा पाहिला. मशीनचा आवाज होता, त्यामुळे बोलायची गरज नव्हती. मी शेजारी उभा होतो. मला माहीत होतं ते काय शोधत आहेत आणि हेही माहीत होतं की ते तिथे का नाही.

बऱ्याच वेळाने ते सरळ झाले. भिंग शर्टाला पुसून परत दिलं.

"नाही साहेब," ते म्हणाले. "सगळं जाळं एकसारखं आहे."

"कधीकधी फोटोत येत नाही—"

"नाही, नाही. फोटो एकदम क्लियर आहे. चांगला छापलाय." ते हसले. "लोक बोलायचे ते खरं होतं. बाता मारायचा माझा बाप."

त्या संध्याकाळी ऑफिसात मी मूळ स्कॅन उघडला. आता उघडला. चेंडूच्या मागे तो होता. गडद, जेवणाच्या ताटाएवढा. बाकीच्या जाळ्याची घरं मोठी आणि सैल, याची लहान, घट्ट, एकसारखी. मला जाळ्यातलं काही कळत नाही, तरी एवढं कळलं की हे दुसऱ्या हाताचं काम आहे. चेंडूचा सगळा भार त्याच तुकड्यावर आला होता.

छपाई थांबवता आली असती. प्लेट बदलायची, अर्धा दिवस जायचा, आणि ऑफिसात कारण सांगावं लागलं असतं. ऐतिहासिक फोटोतला पुरावा मी डाग समजून पुसला, मला दोनदा इशारा मिळाला होता. एवढंच गमावण्यासारखं होतं माझ्याकडे, थोडी अब्रू. याहून मोठ्या भीतीपोटी लोक गप्प बसतात. मी एवढ्याशासाठी बसलो.

मे महिन्यात पुस्तक बाहेर आलं. क्लबकडून कौतुकाचं पत्र आलं, त्यात अचूकतेचा खास उल्लेख होता.

त्या मोसमात, जानेवारीतल्या भेटीनंतर, दर सोमवारी याकूबभाई काहीतरी निमित्त काढून फोन करायचे आणि शेवटी विचारायचे, "आपला क्लब काय करतोय?" मी निकाल सांगायचो. बहुधा हरलेले असायचे. "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक," ते म्हणायचे. मार्चनंतर तो प्रश्न आला नाही. पुढची तीन वर्षं आम्ही भेटत राहिलो, दुसरी पुस्तकं, दुसरे कागद. ते स्टूल द्यायचे, चहा मागवायचे. कामाचं बोलायचे. माझ्यावर त्यांचा काडीचा राग नव्हता. ते सहन करणं अवघड होतं.

माणसाकडून वस्तू हरवली तर ती परत आणून देता येते. त्याच्या मेलेल्या बापाबद्दलचा विश्वास माझ्या टेबलावरून गेला होता, आणि ज्याचा गेला तो मला चहा पाजत होता. डेस्कवर आम्ही मोठमोठ्या लोकांना कबुली द्यायला लावायचो. पहिल्या पानावर चौकटीत ठणकावून विचारायचो, अमुक गप्प का? उत्तर इतकं साधं असेल असं तेव्हा वाटत नसे. गप्प बसलेल्या माणसाचा पहिला दिवस जड जातो. दुसऱ्या दिवसापासून ती सवय होते.

यंदा ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मेल्विनने सांगितलं, "सर, प्रेसचे याकूबभाई चालले. फायनल एक्झिट, कायमचे गावी. गुरुवारची फ्लाइट आहे."

घरी मी मुलीला सगळं सांगितलं. तिची सुट्टी होती. तिने मधे एकदाही अडवलं नाही.

"अँड ही स्टिल डझन्ट नो?"

"नाही."

"बाबा, दॅट्स हिज डॅड," ती म्हणाली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आत गेली.

मूळ स्कॅनचा मोठा प्रिंट काढून बुधवारी दुपारी प्रेसमध्ये गेलो. शटरबाहेर चष्मा पांढरा झाला. पुसला. आत याकूबभाई नव्या माणसाला कागदाचे कोणते रीम कुठे आहेत ते दाखवत होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. प्रिंट टेबलावर उलगडला.

त्यांना भिंग लागलं नाही. बोट थेट कोपऱ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. दुसरा हात हवेत थोडा हलला, सुई वर, वळसा, खाली ओढ. बहुतेक त्यांना ते कळलंही नाही.

"हा कुठे मिळाला?"

दप्तरात आत्ता सापडला, असं सांगायचं मी गाडीत ठरवलं होतं. वाक्य तयार होतं.

"आधीपासून माझ्याकडे होता," मी म्हणालो. "पुस्तकातल्या फोटोतून हे मी काढायला लावलं. डाग समजून. तुम्ही भिंग लावून पाहत होतात तेव्हा मला माहीत होतं."

नवा माणूस मल्याळी होता, त्याला भाषा कळत नव्हती, तरी तो रीमच्या मागे सरकला.

याकूबभाई स्टुलावर बसले. माझ्यासाठी ठेवलेल्या. "तीन वर्षं, साहेब," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "गेल्या सुट्टीत अब्बांच्या कबरीवर गेलो. दर वेळी जातो. या वेळी फातिहा पढून मनात बोललो, अब्बा, तुमच्या बाता मी माफ केल्या. मी! त्यांना माफ केलं." त्यांनी प्रिंटकडे पाहिलं. "आता काय बोलू तिथे जाऊन?"

बोलण्यासारखं होतं ते तीन वर्षांपूर्वी होतं.

"लिहून द्या," ते म्हणाले. "मराठीत. मशिदीबाहेर वाचून दाखवायला."

त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच स्टोअरच्या कागदावर मी लिहिलं. डेस्कवर चूकदुरुस्ती लिहायची पद्धत हाताला पाठ आहे. ‘सदर छायाचित्रात जाळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दिसणारी दुरुस्ती इस्माईल आदम यांनी केलेली आहे. याच दुरुस्तीमुळे चेंडू जाळ्यात थांबला. छपाईत हा भाग अनवधानाने वगळला गेला.’

त्यांनी सावकाश, ओठ हलवत वाचलं. बापाच्या नावापाशी थांबले, पुढे गेले. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"अनवधानाने नाही," ते म्हणाले. "आणि यात तुमचं नाव नाही."

चूकदुरुस्तीत चूक करणाऱ्याचं नाव देत नाहीत. तशी पद्धतच नाही. मी शेवटचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं की हा भाग मी काढायला लावला, मला सांगितलं असतानाही, आणि खरं कळल्यावरही तीन वर्षं मी गप्प राहिलो. त्याखाली पूर्ण नाव, आडनावासकट. अक्षर वाईट आलं.

याकूबभाईंनी कागद प्रिंटमध्ये घातला, प्रिंटची गुंडाळी केली, तिला रबर लावलं. मी हात पुढे केला. त्यांच्या दोन्ही हातांत गुंडाळी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही.

शटरपाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"शनिवारी पहिली मॅच आहे ना? होम ग्राउंडवर."

म्हणजे तेही दरवर्षी पाहत होते. मी मागे वळून हो म्हटलं.

"मग जाळं बघा," ते म्हणाले. "आता नीट बघा."

‘पाहतो’ हा शब्द तोंडात आला होता. तो मी गिळला आणि बाहेर आलो. चष्मा पांढरा झाला. त्या दिवशी मी तो लगेच पुसला नाही.